वाऱ्याच्या बाजूने लावलेला राब

आमच्या शहापूर-मुरबाडकडे भाताइतकाच गवतावर संसार चालायचा, हे सांगितलं की हल्लीची पोरं हसतात. माळावरचं गवत कापायचं, दाबून गठड्या बांधायच्या, ट्रक भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या; आमची शिक्षणं त्यावरच झाली. सुक्या गवताचा गोडसर वास आमच्या दप्तरांनाही यायचा. पुढे तबेले हलले, गवताला कुणी विचारेना. आता त्या माळांवर बंगले आहेत. बंगल्यांपुढे लोक मुद्दाम गवत लावतात, वर त्याला पाणी घालतात. वडील असते तर विळा घेऊन गेले असते.

आमचा उरला तो घराखालचा भाताचा तुकडा. भाऊ गेल्यापासून वहिनी एकट्याच तो कसतात. यंदा म्हणाल्या, "भावजी, हाताखाली माणूस नाय. यंदाचा राब शेवटचा. पुढं पडीक टाकायचं."

राब म्हणजे रोपांची जागा भाजून घेणं. शेण, पातेरा, गवत पसरून वर माती भुरभुरायची आणि पेटवायचं, म्हणजे तणाचं बी जळतं. शेवटचा म्हटल्यावर मला भरून आलं. कल्याणच्या कचेरीतून रजा काढली आणि काडी मीच लावणार म्हणून हटून बसलो.

राब वाऱ्याच्या उलट्या टोकाने लावायचा असतो. मग आग वाऱ्याविरुद्ध धुमसत, रेंगाळत पुढे सरकते आणि माती खोलवर भाजते. मी लावला वाऱ्याच्या बाजूने. भुर्रकन पेटला म्हणून स्वतःवर खूशही झालो. वहिनी पाण्याचा हंडा घेऊन येईस्तोवर जाळ पार त्या टोकाला पोचला होता.

त्यांनी पायाने राख सारली. खाली माती कच्चीच.

"राब केलात का होळी?"

"काळा तर झालाय की."

"वरून! अशी भाकर वाढली तर खाल का?"

पाऊस लागला आणि रोपांच्या आधी तण तरारलं. मी पिकवलेलं आयुष्यातलं पहिलं पीक. वहिनींचा फोन आला, "रविवारी या. बायको-पोरीला पन आना. तुमचं पीक उपटायचंय."

मग प्रत्येक रविवारी आम्ही चिखलात उकिडवे. "बाबा, ते भात आहे!" ही मुलीची ओरड, आणि वहिनींचं खदखदून हसणं.

कापणीनंतर वहिनी चांगल्या लोंब्या निवडून बियाण्याला ठेवताना दिसल्या.

"पडीक टाकणार होतात ना?"

"माणूस नव्हतं म्हनून. आता मिळाली की." लोंब्यांवरची नजर न काढता पुढे म्हणाल्या, "पन भावजी, काडी मी लावनार."