थोरियमचा तक्ता, पाच वेळा

आधी अक्कांचं सांगते, मग काय झालं ते. अक्का नसत्या तर मी तीन महिन्यांतच ट्रंक उचलून अकोल्याला परतले असते. संशोधन संस्थेतल्या आमच्या आकडेमोडीच्या खोलीत त्या सगळ्यांत जुन्या. तिथल्याच चामराजपेटेत त्यांच्या चार पिढ्या गेलेल्या, मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड यायचं. त्यांच्याच घरामागच्या खोलीत मी राहायचे. माझी शाळा आठवीत सुटलेली. कामावर घेताना आमचे साहेब म्हणाले होते, "तीन महिने बघू. जमलं तर ठेवू." त्या तीन महिन्यांचा शेवटचा आठवडा चालू होता.

साठ साल उलटून गेलं होतं. आमची यंत्रं हाताने फिरवायची. गुणायचं तर हँडल पुढे, भागायचं तर मागे, आणि आकडा मावेनासा झाला की घंटी. दिवसभर घंट्या. नव्वद ओळींचा एक तक्ता पुरा करायला अख्खा दिवस लागे.

साहेबांना काय हवं होतं, ते अक्कांनी मला चहाच्या वेळी समजावलं. अणुभट्टीत युरेनियम जळलं की मागे प्लुटोनियम उरतं, आणि ते साठत जातं. पाण्याने थंड होणाऱ्या ज्या भट्ट्या आधीच आहेत, त्यांतच ते खपवायचं. नुसतं युरेनियममध्ये मिसळलं तर एकीकडे खपतं आणि दुसरीकडे नवं तयार होतं.

"घासलेल्या भांड्यांवर परत खरकटं ओतल्यासारखं गं. म्हणून थोरियममध्ये मिसळायचं. त्यातून प्लुटोनियम होत नाही. सरी? कळलं ना?"

"सरी," म्हटलं मी. माझ्या डोक्यात किती शिरलं ते माझं मलाच ठाऊक.

थोरियमचा तक्ता माझ्याकडे आला. साहेबांनी भरून दिलेल्या कागदावरचे आकडे घेऊन मी हँडल फिरवलं. नव्या प्लुटोनियमचा रकाना भरत गेला. साहेबांनी तो पाहिला आणि लाल पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. कुठे चुकलं ते सांगायची त्यांची पद्धतच नव्हती.

"अहो बाई, थोरियममधून प्लुटोनियम? नवीनच शोध लावलात! परत करा."

परत केलं. तेच आलं. रेघ. तिसऱ्यांदा करताना ओठ दाबून एकेक आकडा दोनदा वाचला. तेच! माझा खांदा भरून आला होता, घंटी ऐकली की रडू यायचं, आणि हे गृहस्थ पेन्सिल तासत म्हणतात, "शाळा जरा आधीच सोडलीत वाटतं."

चौथ्या खेपेला मी जे केलं ते आजही लिहायला नको वाटतं. नव्या प्लुटोनियमच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं भरली आणि पुढची बेरीज त्यावर बसवली. साहेब खूश. "आलं ना आता? लक्ष लागतं, बाई, लक्ष!"

आमच्याकडे नियम होता. प्रत्येक तक्ता दोघींनी वेगवेगळा करायचा, एकमेकींचा न बघता, आणि मग ताडून पाहायचा. माझी जोडीदार अक्का. दुपारी त्यांनी आपला कागद माझ्याशेजारी ठेवला. त्यांच्या रकान्यात शून्यं नव्हती. माझे पहिले तीनदा आलेले आकडेच होते.

"काय केलंस गं?"

मी सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. साहेबांनी दिलेला मूळ कागद त्यांनी पुढे ओढला. "स्वल्प थांब. दोघींना सारखं आलं म्हणजे हात चुकला नाही. दिलेलं चुकलंय."

आणि तसंच निघालं. साहेबांनी युरेनियमचा जुना भरलेला कागद घेऊन फक्त वरचं नाव खोडून थोरियम लिहिलं होतं. खालचे स्थिरांक सगळे युरेनियमचे. म्हणजे माझी शून्यं नुसती खोटी नव्हती, त्यांनी मूळ चूकही झाकली होती. बाकीचे रकानेही चुकीचेच, पण तक्ता आता बरोबर दिसत होता आणि तसाच साहेबांबरोबर परिषदेला जाणार होता.

आम्ही दोघी साहेबांसमोर उभ्या राहिलो. त्यांनी कागद पाहिला, मान खाजवली. "हं. स्थिरांक बदलायचे राहिले." बस, एवढंच! मग एकदम माझ्याकडे वळले. "पण मग चौथा तक्ता जमला कसा?"

खरं सांगितलं तर त्याच दिवशी अकोल्याची गाडी.

"मी सांगितलं तिला," अक्का म्हणाल्या. "तो रकाना शून्य धरून बघ म्हणून. माझी चूक, सर."

मला पाचव्यांदा तक्ता करायला बसवलं. नवे स्थिरांक, तीच घंटी. या वेळी रकाना आपोआप शून्य आला आणि जुनं प्लुटोनियम ओळीमागून ओळ उतरत गेलं. मला नोकरीवर ठेवल्याचं पत्र शनिवारी मिळालं. अक्कांना सोमवारी लेखी ठपका मिळाला, आकडे बनवायला सांगितल्याबद्दल. वरच्या जागेसाठी त्यांचं नाव होतं, ते गळलं. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "गप गं. मला कुठे लांब जायचंय? तुला अकोल्याला जावं लागलं असतं."

ठपका अजून त्यांच्या फायलीत आहे, आणि मी अजून त्याच खोलीत आहे. अक्का, तो माझा आहे. माझी भीड अजून जात नाही, पण तुम्ही निवृत्त व्हायच्या आत एक दिवस मी साहेबांसमोर उभी राहून तो माझ्या नावावर करून घेईन.