माझी मुलगी कॉम्प्युटरचं काय शिकते

अक्षर माझं वाकडंतिकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. हे मी माझ्यासाठी लिहितेय, तरी कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

बारावीनंतर मुलीनं कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. लॅपटॉपसाठी मी आमच्या निरगुडसरच्या बचत गटाकडून कर्ज काढलं. बायकांनी विचारलं, "हे शिकून पोरगी करणार काय?" चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. कसंबसं म्हणाले, "कॉम्प्युटर दुरुस्त करील. मोबाईल पण." मला खरंच तसं वाटत होतं. मुलीलाही.

महिनाभरात ती रडत घरी आली. कॉलेजातल्या बाईंनी सगळ्या नव्या मुलांना विचारलं होतं, काय शिकायला आलात? कुणी टायपिंग म्हणालं, कुणी गेम. आमची म्हणाली, दुरुस्ती. बाई म्हणाल्या, यातलं काहीच नाही. तेव्हापासून वहीवर नुसती गणितं चालली होती.

"लॅपटॉप उघडलाबी न्हाई आई. ज्यांच्या घरी पहिल्यापासून कॉम्प्युटर हाय त्यांनाच कळत आसंल. मी नाय जाणार आता."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मीच कॉलेजात गेले. एसटीत घोकलेलं सगळं बाईंसमोर विसरले. एवढंच विचारलं, "हिला आधीचं काही येत न्हाई. जमंल का?"

"घरी कॉम्प्युटर वापरला म्हणजे हे येतं असं नाही हो. इथं सगळे नवेच," बाई म्हणाल्या. लॅपटॉप गटाच्या पैशातला आहे हे ऐकून त्यांनी विचारलं, "गटाची पासबुकं कुणाकडे असतात?"

"माझ्याकडं. पेटीत."

"एकीचं काढायचं तर सगळी चाळता?"

"न्हाई. गल्लीतल्या घरांपरमाणं लावलीत. लगेच सापडतं."

"कशी लावली म्हणजे लवकर सापडेल, असला विचार आम्ही शिकवतो. मग तो कॉम्प्युटरला समजेल असा लिहायचा."

मी आणखीच गोंधळले. "पासबुकं लावायला तीन वर्षं कशाला?" हे मी चक्क मोठ्यानं बोलून गेले. मुलगी महिन्यात पहिल्यांदा हसली. परतताना पेठ गाव मागं पडल्यावर एसटीत म्हणाली, "उद्या जाते."

राहिलं गटातल्या बायकांना सांगणं. बैठकीला अध्यक्षीणबाई बंद पडलेला मोबाईल घेऊनच आल्या होत्या.

"ती दुरुस्ती न्हाई शिकत," मी म्हणाले.

"मग काय शिकती?"

"पासबुकं कशी लावायची त्ये."

"अगं बया! त्याला एवढा म्हागाचा लॅपटॉप?"

"तूच शिकवायचं व्हतं की घरी, फी तरी वाचली आसती!" दुसरी एक म्हणाली.

सगळ्या हसल्या. मान वर करायची सोय राहिली नाही. अध्यक्षीणबाईच तिला म्हणाल्या, "गप गं. काय बी शिकू दे." मग मला म्हणाल्या, "हप्ता चुकवू नको म्हंजे झालं."

मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. यंदा नव्या मुलांशी बोलायला बाईंनी तिलाच उभं केलं. घरी येऊन म्हणाली, "निम्मी पोरं दुरुस्तीच म्हणाली, आई. मी त्यांना तुझी पेटी सांगितली." त्या पोरांना किती समजलं कुणास ठाऊक. मला अजून समजलेलं नाही. पेटी आणि कॉम्प्युटर यांची गाठ कुठं पडते ते विचारायला गेलं की ती सांगते, मी मान हलवते, आणि उठले की सगळं गेलेलं असतं.

मजुरीनं शेवंतीची फुलं तोडायला जाऊन हप्ते भरत होते. परवाच्या बैठकीत शेवटचा भरला. अध्यक्षीणबाईंनी माझ्या नावापुढं रेघ मारली आणि पिशवीतून पुन्हा तोच मोबाईल काढला. "आता तरी पोरीला बघाय सांग की."

नाही म्हणता आलं नाही. मोबाईल घरी आणलाय. कर्ज मात्र सगळं फिटलं.