बांधालगतची पट्टी

३ मार्च रोजी मी साळिंदरच्या हातावर दोन हजार रुपये आगाऊ ठेवले. गावाकडची माझी सगळी जमीन साफ करण्याचे सहा हजार चारशे ठरले होते.

त्याला साळिंदर म्हणत, कारण कामावरून परतताना त्याच्या अंगाला जागोजागी काटे रुतलेले असत आणि त्याची बायको दारात बसून सुईने ते काढत असे. पूर्वी तो लाकडाच्या वखारीत होता. वखार बंद पडल्यावर कुऱ्हाड तेवढी घरी आणली आणि लोकांच्या माजलेल्या जमिनी साफ करू लागला. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी, डावा खांदा उतरलेला. डाव्या हातातल्या बेचकी काठीने काटेरी फांदी दाबून धरायची आणि उजव्या हाताने बुंध्याशी कोयता घालायचा, ही त्याची रीत. एका झुडपासाठी दोनदा वाकलेलं मी त्याला पाहिलं नाही.

मला निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्या जमिनीवर दोन खोल्या बांधून राहायचा माझा बेत होता आणि तो सगळा एका जुन्या विहिरीवर अवलंबून होता. विहीर बांधाजवळ. ती आमची की शेजारच्या मास्तरांची, हे हद्दीचा दगड सापडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि दगड घाणेरीच्या जाळीत कुठेतरी गडप झाला होता. मास्तरांशी आमचं बोलणं अकरा वर्षं बंद. कारण त्यांची म्हैस. तपशिलात शिरत नाही.

आठवड्याभरात जमिनीचा रंग दिसू लागला. बांधालगतची पाच-सहा हात रुंद पट्टी मात्र तशीच. साळिंदर कापत कापत तिथपर्यंत जायचा आणि पाठ फिरवायचा.

"ती कधी?" मी विचारलं.

"होईल साहेब."

"आज का नाही?"

"ती शेवटी."

माझा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला. खर्चाचं कारण एका शब्दात दिलेलं असलं की मला तिथेच संशय येतो. पुढच्या रविवारी न सांगता सकाळच्या पहिल्या बसने गेलो. मास्तर बांधापलीकडून साळिंदरला नोटा देत होते. त्याने त्या न मोजता बंडीच्या खिशात टाकल्या. मी तसाच मागे फिरलो.

"मोजल्या नाहीत, म्हणजे आधीच ठरलेलं असणार," मी घरी म्हणालो.

बायको गहू निवडत होती. "तुम्हाला दुधावरची सायसुद्धा कुणीतरी वरून आणून ठेवल्यासारखी वाटते."

"मास्तरांना तो दगड सापडायला नकोय."

"मग त्याला विचारा. माझी उलटतपासणी घेऊन विहीर आपली होणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेलो. साळिंदर कोयत्याला धार लावत बसला होता.

"मास्तरांनी कशाचे पैसे दिले?"

"बांधाचे. निम्मे."

"बांध साफ न करण्याचे?"

त्याचा हात थांबला. "करण्याचे. निम्मे त्यांचे, निम्मे तुमचे. दोन्हीकडची माणसं उभी राहिल्याशिवाय मी बांधाला हात लावत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळी जमीन म्हणालात. बांध एकट्याचा नसतो, साहेब." मग उतरलेल्या खांद्याला हात लावून म्हणाला, "मागे एकदा दोघा भावांचा बांध होता. खोड उपटलं, त्याबरोबर दगडही निघून आला. हा म्हणे तू त्याचे पैसे खाल्लेस, तो म्हणे याचे. भांडण त्यांचं, खांदा माझा."

"मास्तर उभे राहायला तयार आहेत?"

"आठवडा झाला. तुमचा चेहरा बघून सांगावंसं वाटेना."

गोष्ट इतकी सरळ होती की मला ती पटेना. तरी रविवारी आम्ही बांधाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मास्तर "या" म्हणाले. अकरा वर्षांतला तो पहिला शब्द. त्यानंतर कोयत्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. ते माझे पाय बघत होते, मी त्यांचे.

दगड निघाला. मनगटाएवढ्या जाड मुळाने त्याला विळखा घातला होता. मी खाली बसून मुळाखालची माती पेनाने टोकरून पाहिली. माती घट्ट, जुनी. विहीर मास्तरांच्या बाजूला गेली होती, जेमतेम दोन हातांनी.

"पाणी लागलं तर न्या," मास्तर म्हणाले.

"बघू," मी म्हणालो.

ऑफिसातल्या माळ्याला मी विचारलं, मूळ तेवढं जाड व्हायला किती काळ लागतो. सहा-सात वर्षं पुरतात, म्हणाला. भांडण अकरा वर्षांपूर्वीचं. म्हणजे भांडणानंतर कुणी दगड सरकवला असता, तरी त्याला विळखा पडायला वेळ होता. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "आता त्या मुळाचीही साक्ष काढा."

पाण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर राहून तिथे म्हातारपण काढायला माझं मन होईना. खोल्यांचा बेत मी सोडून दिला. साळिंदरचे सहा हजार चारशे पुरे केले. बांधाच्या मजुरीतला माझा वाटा दिला, तर तो दगड मान्य केल्यासारखं होईल, म्हणून माझ्याकडेच ठेवून दिला. त्याने मागितला नाही. मध्ये एकदा बसथांब्यावर भेटला, गवत कसं आलंय ते सांगून गेला.

माझ्या वाट्याचे ते तीनशे पंचवीस रुपये अजून द्यायचे आहेत.