साठ मोजेपर्यंत

नव्या सुनेला सासरचे किस्से मागावे लागत नाहीत. चहाबरोबर येतात, चिवड्याबरोबर येतात, आणि तिसऱ्यांदा ऐकतानाही पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा ठेवायचा असतो. गोत्री भागातल्या आमच्या फ्लॅटमधले बहुतेक किस्से माझ्या सासऱ्यांच्या, बाबांच्या मोजण्याचे. त्यांनी जन्मभर बडोद्यात गणित शिकवलं. उजव्या अंगठ्याने त्याच हाताच्या चार बोटांची पेरं मोजायची. बारा झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. पाच मिटली की साठ! "तास इथे होता, घड्याळ नंतर आलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा उत्तरायणाचे, संक्रांतीचे पतंग उतरल्यावर त्यांच्या उजव्या हाताला अर्धांगवायूचा हलका झटका आला. अंगठा हलेना. तेव्हापासून घरात जुन्या किश्श्यांचा खप वाढलाय.

*

वर्गात बाबांनी विचारलं, जुन्या लोकांनी वर्षावरून वर्तुळाचे अंश ठरवले असतील, तर ते तीनशे पासष्ट का नाहीत? तीनशे साठच का?

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, पांच दिवस दिवाळीनी रजा!"

बाबांनी पूर्ण मार्क दिले.

*

आमच्या लग्नात त्यांनी हट्टाने घटिकापात्र मांडलं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यात सोडली की चोवीस मिनिटांत बुडते. अशा साठ घटका म्हणजे एक दिवस. सगळं कार्यालय वाटीकडे बघत होतं आणि वाटी बुडेना. भोकात अक्षतांचा दाणा अडकलेला! शेवटी गुरुजींनी मोबाईल पाहिला आणि मंगलाष्टकं उरकली.

सासूबाई, म्हणजे आता माझ्याही आई, माझ्या कानाशी वाकल्या. "वाटीच्या मते मुहूर्त अजून आलेला नाही. विचार करायला वेळ आहे तुला."

*

'घटकाभर बसा' म्हटलं की बाबा बरोबर चोवीस मिनिटांनी उठत. शहरातल्या वाडी भागात त्यांच्या एका मावसबहिणीकडे ते मिनिट नेमकं चहा गाळताना आलं. बाबा उठून चालू लागले. आई बसून राहिल्या आणि दोन्ही कप प्यायल्या.

घरी येऊन म्हणाल्या, "घटका तुमची संपली होती. माझी खारी आल्यावर सुरू झाली."

*

बाबांच्या हाताचा व्यायाम करून घ्यायला फतेगंजहून एक गुजराती बेन येतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काका, अंगूठो आंगळीए अडाडो. एक थी दस." अंगठा बोटाला लावायचा, एक ते दहा. दहाला तिनाने भागायला गेलं की वैताग येतो, असं बाबा एरवी लगेच ऐकवायचे. त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने उजवा अंगठा उचलून बोटाला टेकवला.

*

मग एका दुपारी अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर पोचला.

डाव्या हाताने मनगटाला आधार द्यायचा, असं बेननी बजावलं होतं. मग बारांचा हिशेब कुठे ठेवायचा? आईंनी भाजी बाजूला सारली, समोर बसल्या आणि आपला हात पुढे केला. बारा पेरं झाली की त्यांचं एक बोट मिटे. बाबांचा अंगठा थांबत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता. मी शेंगा सोलत मनात मोजत होते.

करंगळीच्या शेवटच्या पेरावर बाबांनी श्वास सोडला. "साठ."

माझेही साठच झाले होते.

आईंनी हात वर धरला. चार बोटं मिटलेली, पाचवं उघडं.

"अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या.

बाबांनी त्या हाताकडे पाहिलं, मग आईंकडे. आणि अंगठा पुन्हा तर्जनीकडे निघाला.