पाणी पुढे पडतंय की मागे

सनरूफच्या चार कोपऱ्यांत चार भोकं होती, ती मी सिलिकॉन भरून बुजवली. मला वाटलं, पाणी तिथूनच आत येतं. आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात, हे मला नंतर सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं. चारचौघांत.

गाडी साहेबांची. मी ड्रायव्हर. साहेबांचा रबाळ्याला पॅकिंगच्या खोक्यांचा कारखाना, राहायला नेरुळ. पावसात छताच्या आतल्या कापडावर बशीएवढा ओला डाग यायला लागला होता. साहेबांच्या लक्षात यायच्या आत आपणच मिटवून टाकू, शाबासकी मिळेल, असा माझा विचार. कारखान्याच्या स्टोअरमधून सिलिकॉनची गन आणली, छपराची काच उघडली, तर कडेला भोकं. म्हटलं, कंपनीवाले विसरले असतील. एवढी मोठी कंपनी, आणि भोकं तशीच सोडली. चारही बुजवली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केली आणि माझ्या त्या कारागिरीकडे बघत बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी घणसोलीच्या सिग्नलला ब्रेक मारला आणि तांब्याभर पाणी थेट माझ्या डोक्यावर आलं.

सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने काच सरकवून आत बोट घातलं. सिलिकॉनचा एक तुकडा ओढून काढला आणि मला दाखवला.

"काका, हे कोणी भरलं?"

"मी."

"का?"

"भोक दिसलं म्हणून."

शेजारच्या गाडीचा मालक, तिथला मेकॅनिक, कॉफीच्या मशीनपाशी उभी असलेली एक बाई, सगळे वळले. पोराने मला समजावलं. काचेभोवती पन्हळीसारखी पट्टी असते. थोडं पाणी तिच्यात येणारच. ते भोकांतून नळ्यांमध्ये उतरतं आणि चाकांपाशी बाहेर पडतं. मी नळ्यांची तोंडंच बंद केली होती. आता पन्हळ भरायची आणि ब्रेक लागला की पाणी पुढे उसळून माझ्या डोक्यावर यायचं. वरचं सिलिकॉन निघालं असतं, पण आत नळीत उतरलेलं काढायला सगळं छत खाली घ्यावं लागणार होतं.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, म्हणजे पोराने नीट सांगावं.

"सर, दोन ऑप्शन आहेत," पोरगा म्हणाला. "छत उतरवून नळ्या साफ करू, रबर बदलू. पण फ्रेमही थोडी वाकलीय, त्यामुळे परत गळणार नाही याची गॅरंटी देत नाही. नाहीतर सनरूफ पूर्ण बदलायचं."

"गळतंय कुठे?"

"फ्रंटला सर. ड्रायव्हर साइड."

"आणि मागे?"

"मागे सध्या ड्राय आहे."

"मग अर्जंट काय आहे? गाडी परत पाठवा." मग मागे कोणाशी तरी बोलल्यासारखा आवाज. "त्याच्याच डोक्यावर पडतंय ना? पडू दे. त्यानेच केलंय."

पोरगा माझ्याकडे बघेना. हातातल्या टॅबकडे बघत राहिला. आणि मी हसलो. माझी सवयच ती. कोणी अपमान केला की आधी मी हसतो. मग समोरचाही हसतो आणि सगळं गमतीत जमा होतं.

त्या पावसाळ्यात मी भिजत गाडी चालवली. पाऊस संपला, गाडी वाळली, विषयही वाळला. पुढच्या पावसाळ्यात परत गळायला लागलं. मी एकदा विचारलं, साहेब, दुरुस्त करायचं की बदलायचं? साहेब म्हणाले, "गाडीच काढून टाकायचा विचार आहे. कशाला खर्च करायचा?" गाडी काही काढली नाही.

साहेबांच्या मॅडमनी एक जुना टॉवेल दिला. देताना म्हणाल्या, "हा वेगळा ठेव हं. आमच्या नॅपकिनांत मिसळू नकोस." त्यांचे नॅपकिन पुढच्या कप्प्यात असायचे. माझा टॉवेल मी सीटखाली ठेवायला लागलो. तिथे त्याला वास यायला लागला, तर मॅडम नाकाला रुमाल लावायच्या.

आणि मग ती शिकवणी. एका सकाळी पाम बीच रोडला मी गाडी जरा जोरात उचलली. पन्हळीतलं पाणी मागे गेलं आणि साहेबांच्या बाहीवर दोन थेंब पडले. मोजून दोन. साहेब म्हणाले, "अरे, रेस हळू देत जा. ब्रेक मात्र दाबून मार. म्हणजे पाणी पुढेच जाईल."

मी शिकलो. खरं सांगतो, चांगला शिकलो. उचलताना गाडी कळणारही नाही इतकी अलगद. थांबताना मात्र असा ब्रेक, की सगळं पाणी पुढे. माझं पाणी माझ्याच अंगावर घ्यायची कला मी कमावली, आणि मागे एक थेंबही जात नाही याचा मला अभिमान वाटायचा. दुसरं असं, की मला ते पटलंही होतं. भोकं मी बुजवली, भिजायचंही मीच. न्याय झाला.

त्यात साहेबांना माझा किस्सा फार आवडला. घरी पाहुणे आले की मला वर बोलवायचे. मी दारात चपला काढून उभा. "सांग रे तुझं इंजिनियरिंग." मग मी सांगायचो. गन कशी आणली, भोकं कशी बुजवली, कंपनीवाल्यांना कसा मूर्ख म्हणालो. सांगता सांगता मी त्यात भरही घालायला लागलो. डोक्यावर पाणी पडल्यावर डोळे कसे फिरवले तेही करून दाखवायचो. पाहुणे पोट धरून हसायचे. मला वाटायचं, आपल्याला मान आहे. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला दिवाणखान्यात बोलावतात?

तोच किस्सा मी एकदा साहेबांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ड्रायव्हर लोकांना सांगितला. सिलिकॉनपर्यंत सगळे खूप हसले. मग मी ब्रेकची गंमत सांगितली, ती माझी हुकमी जागा. कोणी हसलं नाही. मला वाटलं, नीट सांगता आलं नाही. परत सांगितली.

नाना म्हणून एक आगरी ड्रायव्हर होते, तुर्भ्याचे, वयाने मोठे. तंबाखू मळत होते.

"मना एक सांग," नाना म्हणाले. "पानी मागं परलं असतं, तं गारी किती दिस तशीच ठेवली असती रं?"

मी म्हणालो, "नाना, पण चूक माझी होती ना."

"चूक तुझीच हाय. गाढवासारखी चूक हाय. मी गारीचा इचारतो."

मी हसायला गेलो. हसू येईना. नानांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मागे पडलं असतं, तर एक दिवससुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत छत उतरलं असतं. मला जी शिक्षा वाटत होती ती शिक्षा नव्हतीच. शिक्षा करायला माणूस दिसावा लागतो. साहेबांनी फक्त एवढंच पाहिलं होतं, की पाणी पुढे पडतंय की मागे. पुढे कोण बसलंय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. आणि मी दोन पावसाळे दिवाणखान्यात उभा राहून डोळे फिरवून दाखवत होतो.

त्यानंतर पंधरवड्याने असेल, पुण्याचे एक व्यापारी साहेबांकडे आले. मोठी ऑर्डर मिळायची होती. त्यांना रबाळ्याचा कारखाना दाखवून तळोज्याच्या नव्या जागेवर न्यायचं होतं. सकाळपासून पाऊस कोसळत होता. दोघे मागे, मी पुढे. पन्हळ भरलेली. माझी कॉलर चिंब, पाठ सीटला चिकटलेली. हायवेला लागेपर्यंत तीन ब्रेक झाले होते.

पाहुणे म्हणाले, "यांच्यावर पाणी पडतंय वाटतं."

साहेब हसले. "अहो, तीच तर गंमत आहे. अरे, सांग ना यांना तुझं इंजिनियरिंग."

मी काचेवरची वाफ पुसली.

"अरे, सांग की."

वायपर चालू होते. समोर फ्लायओव्हरचा चढ आला. मला एक गोष्ट करता आली असती, आणि खोटं कशाला बोलू, पाय तिकडे गेलाही होता. चढावर नुसती रेस दाबायची. सगळी पन्हळ मागे. ऑर्डर, सूट, कागद, सगळं धुऊन निघालं असतं. मग मी "सॉरी साहेब, चुकून" म्हणायचं आणि कपाळावर हात मारून घ्यायचा. सगळे परत हसले असते. पण ते माझं जुनंच नाटक झालं असतं. पाण्याची जागा तेवढी बदलली असती. मी पाय उचलला. चढ अलगद चढलो.

"काय रे, ऐकू येत नाही का?" साहेबांचा आवाज बदलला होता.

"येतं, साहेब."

"मग सांग."

"नाही सांगणार."

काचेवर पाऊस तेवढा वाजत होता. आरशात साहेबांचे डोळे दिसले. मी नजर रस्त्यावर ठेवली. पोरीचं कॉलेज, खोलीचं भाडं, सगळं त्या आरशात साहेबांच्या शेजारी येऊन बसलं होतं.

खारघरच्या पुढे एक पेट्रोल पंप लागला. मी गाडी पंपाच्या छपराखाली घेतली, बंद केली, खाली उतरलो. माझं दार उघडं ठेवलं. मग मागचं दार उघडलं.

"साहेब, तळोज्यापर्यंत तुम्ही चालवा. या सीटवर बसून. मग सांगा, दुरुस्त करायचं की बदलायचं."

साहेबांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. "सनरूफ बदलण्यापेक्षा ड्रायव्हर बदलणं सोपं असतं. कळतं ना तुला?"

"कळतं."

"मग बस गप्प आणि चालव."

मी चावी बॉनेटवर ठेवली. सीटखालचा टॉवेल काढला, पिळला, खांद्यावर टाकला. पंपावरचा माणूस नळी हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. पाहुणे खिडकीबाहेर बघत होते. मग साहेब उतरले. चावी घेतली. पुढे बसले. बसताना सीट ओली लागली असणार, कारण ते एकदा अर्धे उठले आणि परत बसले. गाडी निघाली. पंपाच्या तोंडाशी ट्रक आडवा आला तेव्हा ब्रेकचे लाल दिवे लागले. एवढंच मी पाहिलं.

बसने कोपरखैरण्याला घरी आलो. बायको डबे पुरवते; रात्रीच्या डब्यांसाठी चपात्या लाटत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. ती लाटत राहिली. सांगून होतंय तोवर साहेबांचा फोन.

"उद्या ये," साहेब म्हणाले. "सनरूफ नवीन बसवायला सांगितलंय."

दोन पावसाळे जे ठरत नव्हतं, ते खारघर ते तळोजा एवढ्या रस्त्यात ठरलं होतं.

"पण आलास की आधी पाहुण्यांना फोन लाव. सॉरी म्हण. आणि तो किस्सा तुझ्या तोंडाने सांग त्यांना. म्हणजे त्यांनाही वाटेल, सगळी गंमतच चालली होती."

मी बायकोकडे पाहिलं. तिचं लाटणं थांबलं होतं.

"साहेब, सनरूफ बदला. आणि ड्रायव्हरपण बदला."

"विचार कर."

"केला."

फोन ठेवला. आता मी तळोज्याला एका केमिकल कंपनीची कामगारांची बस चालवतो. पगार कमी, शिफ्ट वाईट. पहिल्याच दिवशी मी सुपरवायझरला सांगितलं, की माझ्या सीटवर गळायला लागलं तर बस डेपोतून हलणार नाही. तो म्हणाला, आल्या आल्या पुढारीपणा करतोस काय? मी म्हटलं, हो. बाकी बसमध्ये कुठेही गळलं तरी तेच सांगेन. आणि माझ्या चुकांचे किस्से मी अजून सांगतो, भरपूर चुका केल्यात, साठा मोठा आहे. पण जो माझ्यासारखा भिजतो त्यालाच सांगतो. कोरड्या सीटवर बसून कोणी "सांग रे" म्हणालं, तर त्याच्यासाठी माझ्याकडे एकही नाही.

त्या दुपारी, फोन ठेवल्यावर, मी बायकोला मोठ्या आवाजात नुसतं ऐकवत होतो. यापुढे असं, यापुढे तसं. कपड्यांतून पाणी टपकत होतं, दारात थारोळं झालं होतं. तिने तव्यावरची चपाती उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"झोपलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी मारलं की तो लगेच उठतो. तुम्हाला दोन पावसाळे लागले."