गाण्याच्या बाईंशी घासाघीस

जुन्या स्कूटरी घेण्या-विकण्याची दलाली करणाऱ्या त्या माणसाला अख्खा बाजार भिंगरी म्हणायचा, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. गडी कधी बसून चहा प्यायला नाही. कप हातात घेऊन दुकानाच्या दारात यायचा, रस्त्यापलीकडच्या गाडीवर नजर टाकायचा, परत आत, परत बाहेर. बोलताना खिशातल्या किल्ल्या खुळखुळवायचा. त्याची बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. ती म्हणायची, "आमच्याकडे दाढ ठणकणारी माणसंसुद्धा ह्यांच्यापेक्षा शांत बसतात."

धंद्यात मात्र तो पक्का होता. गाडी बघायला गेला की रंग नाही, मीटर नाही, आधी इंजिनावर तळहात. इंजिन कोमट लागलं की ओळखायचं, मालकाने आपण यायच्या आधीच गाडी तापवून ठेवली आहे. म्हणजे गार असताना ती सुरू व्हायला रडते. त्याच्या स्वतःच्याही क्लृप्त्या होत्याच. सगळ्यांत लाडकी म्हणजे गिऱ्हाइकाला आपणहून एखादा ओरखडा दाखवायची. "साहेब, खोटं नाही बोलणार. हे बघा, इथे रंग उडालाय." गिऱ्हाईक विरघळलंच. इतका सरळ माणूस क्लचबद्दल कशाला खोटं बोलेल?

तर अशा ह्या माणसाच्या लेकीने शाळेच्या कार्यक्रमात गाणं म्हटलं, आणि तिथून त्याच्या पायाला खरीखुरी भिंगरी लागली.

लेक बाराएक वर्षांची. घरात तिला पिलू म्हणत. ती गायची ती कुणासाठी म्हणून नव्हे. वेणी घालताना, ताटं पुसताना, जिना उतरताना तिचं आपलं गुणगुणणं चालू असायचं, आणि घरच्यांना ते पंख्याच्या आवाजाइतकं सवयीचं झालं होतं. पण त्या दिवशी ती माईकसमोर उभी राहिली, सभागृह गप्प झालं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "कोणाची हो ही?" भिंगरी ताडकन उठला. "माझी!" निम्म्या सभागृहाला ऐकू गेलं. बायकोने शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

घरी येईपर्यंत त्याचं ठरलंसुद्धा होतं. "क्लास लावायचा. चांगल्यातला चांगला."

"लावू या की," बायको म्हणाली. "पण आधी तिला विचारा."

"तिला काय विचारायचं? असा आवाज वाया घालवायचा का?"

"आवाज तिचाय, म्हणून म्हटलं."

हे त्याच्या कानात शिरलंच नाही. तो तेव्हा कुणालातरी फोन लावत होता.

बायकोच्याच दवाखान्यातून एका बाईंचा पत्ता मिळाला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराशी मुलांच्या चपलांचा ढीग, आत सतरंजी आणि कडा झिजलेली पेटी. शिकवणी चालू होती. बाईंनी बापलेकीला थांबवून ठेवलं नाही, आत बसवलं आणि आपलं काम चालू ठेवलं. एक मुलगा एकाच ओळीत पुन्हा पुन्हा अडखळत होता आणि बाई न चिडता त्याला पुन्हा पुन्हा तिथेच आणत होत्या. पिलू टक लावून बघत होती. भिंगरी घड्याळ बघत होता. असली अडखळणारी पोरं ह्या बाई गिऱ्हाइकासमोर कशाला ठेवतात, तेच त्याला कळेना.

मग पिलूने गाणं म्हटलं. बाईंनी मधेच थांबवलं, पेटीवर खालचा सूर धरला. "आता इथून म्हण. हं. घशाला बरं वाटतंय ना?" पिलूने मान डोलावली.

बाई भिंगरीकडे वळल्या. "एक आधीच सांगते. माझा आवाज आता वर चढत नाही. गाऊन दाखवायला मी कमी पडते. शिकवायला नाही पडत. पण हिला माझ्यापुढचं शिकायची वेळ आली, तर मीच हिला दुसरीकडे पाठवीन."

भिंगरी मनातल्या मनात उडालाच. ओरखडा! ह्या बाईंनी आपणहून ओरखडा दाखवला! आणि बाईंचा चेहरा कसा, तर एकदम साधा.

"फी किती?" त्याने सावधपणे विचारलं.

"दाराशी लिहिली आहे."

"वर्षाची एकदम दिली तर काही कमी होईल?"

"वर्षाची मी घेत नाही. महिनाभर येऊ दे, मग द्या. पटलं नाही तर देऊ नका."

"तरी पण... थोडंफार?"

"नाही हो," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

त्या हसण्याने तर त्याची खात्रीच पटली. दर उतरत नाही, पैसे नंतर द्या म्हणतात, दोष आपल्या तोंडाने सांगतात! एवढं सगळं एका ठिकाणी त्याने फक्त स्वतःच्या दुकानात पाहिलं होतं. बाहेर येऊन त्याने गाडीला किक मारली. "पोचलेली बाई आहे."

"मला आवडल्या," मागे बसलेली पिलू म्हणाली.

"अगं, समोरच्याला आवडायला लावणं हीच तर कला असते!"

पुढचे काही दिवस तो नुसता फिरत होता. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी लक्ष दुसरीकडेच. ह्याला विचार, त्याला विचार, ह्या क्लासची पाटी वाच, त्या क्लासच्या जिन्यावर उभं राहून कान दे. आणि मग मोठ्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या दारामागे त्याला हवं ते सापडलं. गार हवा, मऊ सोफे, भिंतभर फोटो. बापलेक आत शिरले तेव्हा समोरच्या दालनात एक मुलगी अशी काही गात होती की भिंगरी जागीच उभा राहिला. "आमच्याकडे आताच आलीय," काउंटरवरची बाई म्हणाली. "दोन-तीन महिने झाले असतील."

पाहुणा आत यायला आणि बरोबर तीच मुलगी बरोबर तेच गाणं गायला एकच गाठ कशी पडली, हे विचारायचं भिंगरीला सुचलं नाही. आयुष्यभर इंजिनांना हात लावून बघणाऱ्या माणसाने त्या दिवशी हात खिशातच ठेवला.

तिथल्या सरांनी डोळे मिटून पिलूची अर्धी ओळ ऐकली आणि हात वर केला. "बास. पुढचं ऐकायची गरज नाही. दैवी देणगी आहे."

भिंगरी ओले डोळे लपवायला खिडकीकडे गेला.

पुढे काउंटरवर सुवर्ण योजना निघाली. वर्षाची फी आगाऊ, त्यात रेकॉर्डिंग, त्यात स्टेज, त्यात प्रमाणपत्र, आणि आकडा असा की माणसाने सोफ्यावर बसूनच ऐकावा. आता मात्र भिंगरी रंगात आला. हे त्याचं मैदान. तो दोनदा उठून दारापर्यंत गेला, दोनदा त्याला परत बोलावलं गेलं, आणि शेवटी आकडा निम्म्यावर आला तेव्हा त्याने रणांगण जिंकल्यासारखी सही केली.

"निम्म्यात आणलं!" त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं.

"बरं झालं. शिकवणार कोण? तेच सर का?"

"म्हणजे काय!" तो म्हणाला. हे त्याने विचारलंच नव्हतं.

सर पुन्हा फारसे दिसले नाहीत. शिकवायला आज एक तरुण, उद्या दुसरी कोणी. मुलं दालनभर. स्पीकरवर तयार संगीत लागायचं, मोठमोठ्या गायकांच्या पट्टीत, आणि ज्याचा आवाज तिथपर्यंत पोचायचा नाही त्याला एकच सांगणं: "जोर लाव." पालकांना आत मज्जाव होता. त्यांच्यासाठी दर महिन्याला व्हिडिओ यायचा. त्यात पिलू नटलेली, मागे रंगीत दिवे, आवाजात घुमारा. भिंगरी तो व्हिडिओ पंक्चरवाल्याला दाखवायचा, विमेवाल्याला दाखवायचा, गाडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी तो बघावा लागायचा. संध्याकाळी घरी आला की, "पिलू, ते म्हण ना! अजून मोठ्याने. शेजारच्यांना कळू दे!" पिलू म्हणायची. तो टाळ्या वाजवायचा.

मग घरात काहीतरी बिघडलं. काय ते त्याला कळेना. जेवताना तो मधेच थांबून कान टवकारायचा. पंखा बंद करून बघितला, फ्रिजला हात लावून बघितला. "काहीतरी वाजायचं बंद झालंय," तो म्हणाला.

बायकोने हातातलं ताट खाली ठेवलं. "पिलू गुणगुणत नाही. किती दिवस झाले. तुमच्या लक्षात यायची मी वाटच बघत होते. आणि सकाळी उठली की तिचा आवाज ऐका एकदा."

सकाळी त्याने ऐकला. पिलूने "बाबा" म्हणून हाक मारली आणि तिच्या घशातून निम्मी नुसती हवा आली.

तो तडक क्लासवर गेला. काउंटरवरची बाई गोड हसली. "गळा तयार होत असतो ना, तेव्हा असं होतं. तिला पुढच्या योजनेत घालू या का?"

"सर कुठेत?"

"बाहेरगावी गेलेत."

संध्याकाळी पिलूला सोडल्यावर तो खाली गेलाच नाही. दालनाच्या काचेला नाक लावून उभा राहिला. पिलू दुसऱ्या रांगेत होती. हनुवटी वर ताणलेली, चेहरा लाल, मानेच्या शिरा दोरीसारख्या. काचेमुळे आवाज ऐकू येत नव्हता, फक्त ती कशी गातेय ते दिसत होतं. त्याने दार उघडलं, मुलांमधून वाट काढली, तिचा हात धरला आणि तिला घेऊन बाहेर पडला. मागून कोणीतरी नियम सांगत होतं.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. स्वरयंत्र सुजलं होतं. काही आठवडे गाणं बंद, बोलणंही अगदी गरजेपुरतं. "आवाज येईल ना परत?" भिंगरीने तीनतीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक येईल, पण पुन्हा असं ओरडवू नका.

ते "बहुतेक" त्याच्या डोक्यात किड्यासारखं वळवळत राहिलं. पिलू खुणा करून पाणी मागायची आणि तो कानकोंडा व्हायचा. तो घरभर फिरायचा, खिडकी उघडायचा, लावायचा. लेकीचा आवाज आपण घालवला, ही भीती त्याला धड एका जागी उभंही राहू देत नव्हती. दुकानात एका गिऱ्हाइकाने रिवाजाने भाव पाडून मागितला, तर हा पठ्ठ्या एका शब्दात हो म्हणाला. गिऱ्हाइकालाच संशय आला आणि ते निघून गेलं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी तो पिलूला घेऊन त्या तळमजल्यावरच्या दारात उभा राहिला.

"बाई, मी मागे एकदा..."

"आठवतंय. घासाघीस करत होतात. या, आत या."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पिलूला जवळ बसवलं आणि तोंड मिटून एकच सूर धरायला सांगितला, पेटीच्याही आवाजाहून हळू. थोडा वेळ, बास. "आज एवढंच. जा, चपला घाल."

पिलू बाहेर गेली तसा भिंगरी पुढे सरकला. "गळा?"

"बरा होईल. घाई केली नाही तर."

"आणि मग पुढे... मोठी गायिका होईल ना?"

बाईंनी पेटीवरचं कापड नीट केलं. "तुमच्या मनासारखं सांगू, का मला वाटतं ते सांगू?"

"वाटतं ते."

"कान उत्तम आहे तिचा. गळा साधा आहे. ती आयुष्यभर छान गाईल. पण स्टेज गाजवणारी होईल असं मला वाटत नाही. मी चुकतही असेन."

भिंगरीला ते लागलं, फार लागलं. क्षणभर त्याला बाईंचा रागसुद्धा आला. डोळे मिटून "दैवी देणगी" म्हणणारे सर समोर असते, तर तेवढं एकदा पुन्हा ऐकायला त्याने आताच्या आता खिशात हात घातला असता. आणि तिथेच, उभ्याउभ्या त्याला कळलं की त्या काचेच्या दारामागून आपण निम्म्या भावात गाणं आणलंच नव्हतं. ते दोन शब्द आणले होते, आणि त्यांची किंमत पिलूने भरली होती.

बापलेक गाडीवर निघाले. पिलूने मागून त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. आवाज अजून जड होता. "बाबा, बाई काय म्हणाल्या?"

काहीही सांगता आलं असतं. दिवसभर तो तेच करायचा आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली.

"म्हणाल्या, कान उत्तम आहे. गळा साधा आहे."

पिलू म्हणाली, "मला माहितीये. सर सगळ्यांनाच दैवी देणगी म्हणायचे. आमच्या अख्ख्या वर्गाला होती."

"मग मला सांगितलं का नाहीस? घसा दुखतोय हे तरी?"

"तुम्ही एवढे खूश होतात," ती म्हणाली. "मी जोरात म्हटलं की तुम्ही टाळ्या वाजवायचात. म्हणून म्हणायचे."

भिंगरीने पुढचा रस्ता बघितला. तो त्याला नीट दिसत नव्हता. मागून वाहनं हॉर्न देत जात होती, आणि त्याला लेकीकडे वळून बघायचं धाडस होईना.

"मग मी बाईंकडे जाऊ ना?" पिलूने विचारलं.

"जायचं. पण हळू गायचं."

"किती हळू?"

"मला ऐकू नाही आलं तरी चालेल."