एसी की कमी

नवऱ्याबरोबर सिनेमाला जायचं म्हणजे मला शिक्षाच वाटायची. तो चंदीगडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग शिकवायचा. पडद्यावर नायिका हमसून हमसून रडत असायची आणि हा मान वर करून छताकडे बघत असायचा. गार हवा कुठून येते, कुठे जाते, बाल्कनीचा दरवाजा कुणी उघडा टाकलाय, सगळं लक्ष त्यातच. मध्यंतरात समोसे आणायला पाठवलं, तर हा एसीच्या मशीनची खोली शोधत फिरायचा. घरीही तेच. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की त्याचं पित्त खवळायचं.

आम्ही एका कोठीच्या, म्हणजे तिकडच्या बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो आणि खाली आमचे घरमालक राहायचे. त्यांना आम्ही अंकलजी म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला आंटीजी. अंकलजी आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून एक जुनं थिएटर चालवायचे. थिएटरला ते 'हॉल' म्हणत, त्यामुळे आम्हीही हॉलच म्हणायला लागलो. एकेकाळी तिथे तिकिटासाठी लोकांचे शर्ट फाटायचे म्हणे. आम्ही तिथे राहायला गेलो तोवर घरोघर केबल आली होती, आणि सेक्टर ३४ मधले कोचिंग क्लास बुडवणारी मुलं सोडली तर दुपारच्या खेळाला कुणी फिरकत नसे. त्यात मॉल आणि मल्टिप्लेक्स येणार अशी कुजबुज सुरू झाली. पंचकुल्यात राहणाऱ्या धाकट्या भावाने हॉल विकायचा धोशा लावला. अंकलजींनी कसंबसं त्याच्याकडून एवढंच मिळवलं की येता उन्हाळा बघू. त्यात हॉल स्वतःच्या पायावर उभा राहिला तर ठीक, नाहीतर विकू.

हॉलला खरा खात होता तो विजेचा खर्च. आणि वरच्या मजल्यावर असा भाडेकरू म्हटल्यावर अंकलजींनी त्याला गाठलं यात नवल नाही.

नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. तो रोज कॉलेज सुटलं की हॉलमध्ये. घरी आला की जेवताना मला ऐकवायचा. मशीन सकाळपासून चालू असतं, रिकाम्या खुर्च्या गार करत बसतं. छतावर काळं डांबर आहे, तिथे पांढरा चुना फासला तरी निम्मं ऊन परत जाईल. दरवाजे झुलते आहेत, सगळा गारवा बाहेर सायकल स्टँडवाल्याला. आणि आत इतकं गार कशाला? थोडं कमी गार ठेवलं तर कुणाला कळणारही नाही. माझ्या डोक्यावरून बरंचसं जायचं. पण एवढं मात्र मला पटलं की हा माणूस तो हॉल वाचवणार.

मेच्या सुरुवातीला, आम्ही सुट्टीसाठी साताऱ्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी, खाली व्हरांड्यात चहा झाला. अंकलजी, त्यांचा भाऊ आणि आम्ही दोघं. आंटीजी आत स्वयंपाकघरात होत्या. नवऱ्याने आधी चुन्याचं आणि दरवाजांचं सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाला, "देखिए अंकलजी, मेन बात है एसी की कमी. वो काम पहले होना चाहिए. वो हुआ तो हॉल चलेगा."

"पक्का?" अंकलजींनी विचारलं.

"पक्का. बाकी डिटेल में मैं आके बताऊंगा."

भावाने तोंड वाकडं केलं. अंकलजींनी नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. मला भरून आलं, खरंच. नवऱ्याचा इतका अभिमान मला फार वेळा वाटलेला नाही.

जूनच्या शेवटी परतलो तेव्हा स्टेशनवरच झळांनी तोंड भाजलं. दोन दिवसांनी अंकलजींनी आम्हाला लेकीसकट हॉलवर नेलं. बाहेर गर्दी बघून मी चक्रावले. बायका, पोरं, म्हातारे, आणि काहींच्या हातात चक्क शाली. जूनमध्ये! आत पाऊल टाकलं तर अंगावर काटा आला. दात वाजायला लागले. पडद्यावर काय चाललंय याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, माणसं पाय वर घेऊन सुखात बसली होती. मागच्या रांगेत एक आजोबा तर घोरत होते.

अंकलजींनी आम्हाला मागच्या बाजूला नेलं. तिथे जुन्या मशीनशेजारी दुसरं, त्याहून मोठं मशीन घरघरत होतं. दिल्लीतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरातून आणलेलं. त्यावर हात ठेवून ते म्हणाले, "लो जी प्रोफेसर साहब. आपने कहा था ना, एसी की कमी है. पूरी कर दी."

नवरा त्या मशीनकडे बघतच राहिला. मलाही काही समजेना. हा तर एसी कमी करा म्हणाला होता, माझ्यासमोर म्हणाला होता. मग हे दुसरं धूड कुठून आलं? रिक्षात बसल्यावर आमची लेक, जिला मराठी कळायचं पण जी उत्तर कायम हिंदीतच द्यायची, ती म्हणाली, "पापा, 'कमी' मतलब तो शॉर्टेज होता है. आपको 'कम करो' बोलना था."

इतकी वर्षं त्या गावात काढली, भाजी आणली, भांडणं केली, आणि तो एक शब्द आम्ही साताऱ्याचाच वापरत होतो.

बरं, चूक झाली म्हणावं तर हॉल भरलेला. नवरा म्हणाला, हे बुडणार, मशीनं दोन झाली, वीज गेली की जनरेटर डिझेल पिणार. मी म्हटलं, अरे पण माणसं येताहेत ना? तो म्हणाला, सिनेमाला कुठे येताहेत, गारव्याला येताहेत. मग मी विचारलं, गारव्याला आलेली माणसं माणसं नाहीत का? अंकलजींना खरं सांगावं की गप्प बसावं, हेही ठरेना. ते जिना चढून मिठाईचा डबा घेऊन आले, तेव्हा तर आम्ही दोघं मूग गिळून बसलो.

पाऊस आला, उकाडा उतरला, आणि शालीवाली गर्दी गेली ती गेलीच. मशीनं मात्र दोन होती. दिवाळीच्या सुमाराला भावाने व्यवहार ठरवला. थंडी पडायच्या आत हॉलला कुलूप लागलं. तिथे शोरूम होणार असं कळलं.

नवऱ्याला जेवण जाईना. रिकाम्या खोलीतला दिवा जळताना दिसला तरी तो काही बोलेना, याची मला जास्त भीती वाटली. शेवटी एका रविवारी तो मला घेऊन खाली गेला आणि अंकलजींना सगळं सांगून टाकलं. मराठीतला कमी, हिंदीतला कमी, त्याला सांगायचं काय होतं आणि झालं काय. सांगताना त्याची हिंदी इतकी गडबडली की मध्ये मध्ये मला उलगडून सांगावं लागलं.

अंकलजींनी शांतपणे ऐकलं आणि हसायला लागले. "ओ यार, मैं तो उसी दिन समझ गया था. आपकी हिंदी क्या मुझे मालूम नहीं? पर भाई सामने बैठा था. प्रोफेसर के मुंह से सुने बिना वो मशीन लेने देता? मुझे तो बस एक बार हॉल भरा हुआ देखना था, जी. देख लिया."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. जिना चढताना तो म्हणाला, "बघ, म्हातारा केवढा बेरकी." मीही हसले. मला थोडा रागही आला होता, की एवढे महिने आम्हाला टांगून ठेवलं.

जानेवारीच्या उन्हात आंटीजी लॉनवर खाट टाकून मटार सोलत बसल्या होत्या. मी मदतीला गेले. बोलता बोलता म्हटलं, "अंकलजी बड़े उस्ताद निकले. 'कमी' का मतलब समझ के भी चुप रहे."

"कौन चुप रहा?" त्यांना काही कळेना. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, शेंग हातात तशीच.

"ना, बेटा," त्या म्हणाल्या. "उस दिन तो चाय के बाद वो सीधे मेरे पास रसोई में आए थे. आंखें भरी हुई थीं. बोले, प्रोफेसर साहब ने कह दिया, एक मशीन और लगा लो, हॉल बच जाएगा. मुझसे हलवा बनवाया."

मी उरलेले मटार सोलले आणि वर आले. नवरा बऱ्याच दिवसांनी शीळ घालत दाढी करत होता. मला बघून म्हणाला, "काय म्हणत होत्या आंटीजी?"

"काही नाही," मी म्हटलं. "मटार स्वस्त झालाय."